व्हीगन मंडळी, जरा गंगाखेडला या!

गेल्या वर्षभरात आमच्या ऑफिसात एक नवीन पंथ आलाय. या पंथाचे लोक रविवारी दुपारी झोपत नाहीत. ते पाच काचेच्या बरण्या ओळीत मांडतात. प्रत्येकीत ओट्स, चिया नावाचं काहीतरी काळं बी, बदामाचं दूध आणि वर दोन-चार ब्लूबेरी. मग फोटो. मग फ्रिज. सोमवार ते शुक्रवार रोज एक बरणी ऑफिसला येते, आणि ती उघडताना आजूबाजूच्या चार डेस्कांना ऐकू जाईल असं सांगितलं जातं की हे 'मील प्रेप' आहे आणि हे 'व्हीगन' आहे. गोडाचीही सोय असते. खजूर आणि काजू वाटून केलेले गोळे, त्यांना 'एनर्जी बाइट्स' म्हणायचं. लाडू म्हटलं की तोंड वाकडं होतं.

आता मी मूळचा गंगाखेडचा. (ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: परभणी जिल्हा, गोदावरीचा काठ, परभणी-परळी लाइनवरचं स्टेशन, संत जनाबाईंचं गाव.) आमच्याकडं सकाळी सुशीला खातात. सुशीला म्हणजे कोण असं पुण्यात आजवर निदान पन्नास जणांनी मला विचारलंय, त्यामुळे सांगूनच टाकतो. सुशीला म्हणजे भिजवून पिळलेल्या मुरमुऱ्यांना कांदा, हिरवी मिरची, हळद यांची फोडणी, वर शेंगदाण्याचं कूट आणि डाळव्याचं पीठ, वरून कोथिंबीर आणि लिंबू. कूट आणि पीठ डब्यात तयार असेल तर दहा मिनिटांचं काम. दूध नाही, दही नाही, तूप नाही. आणि हो, कुणी फोटो काढत नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मला व्हीगन लोकांचा राग नाही. दुधाच्या धंद्यात म्हशीच्या नर रेडकाचं काय होतं हे शहरातल्या माणसाला माहितीपट बघून कळतं, आम्हाला ते गोठ्यात बघून कळतं. ते बघून कुणी दूध सोडलं तर त्याला हसायचा हक्क मला तरी नाही. सकाळचा नाश्ता आदल्या दिवशी करून ठेवायलाही माझी ना नाही, उलट तो शहाणपणाच आहे. माझं भांडण त्या बरणीशी आहे. आणि खरं सांगायचं तर बरणीच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या लोकांशी आहे. एका बाजूला "हे सगळं आत्ताच शोधून काढलंय" असं मानणारे, आणि दुसऱ्या बाजूला "हॅ, आपलं सगळं आधीपासून व्हीगनच होतं" असं म्हणत मिशीवर ताव देणारे. दोघंही सारखेच चुकतायत. ओळीनं घेऊ.

मुद्दा पहिला: पैसा कुठून कुठं जातो

जगातल्या बदामांपैकी साधारण ऐंशी टक्के एकट्या कॅलिफोर्नियात पिकतात. ते बदाम समुद्रावरून इथं येतात, त्यांचं दूध करतात, आणि लिटरचा खोका अडीचशे-तीनशे रुपयांना आपल्या गळ्यात पडतो. मी पाहिलेल्या खोक्यावर बदामाचं प्रमाण दोन-तीन टक्के लिहिलेलं होतं. बाकी पाणी, थोडी साखर, थोडा डिंक. म्हणजे आपण तीनशे रुपये देऊन पाणी विकत घेतोय आणि वर पर्यावरण वाचवल्याचा आनंद घेतोय.

आता जरा गंगाखेडच्या शिवारात चला. खरिपात बघाल तिकडं सोयाबीन आणि कापूस. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये, आणि बाजारात शेतकरी त्याच्याही खाली विकत होता. हमीभावच धरला तरी किलोला ४९ रुपये. घरी एक लिटर सोयादूध करायला साधारण १२० ग्रॅम सोयाबीन लागतं. गुणाकार करा, सहा रुपयेसुद्धा होत नाहीत. गॅस आणि मिक्सरची वीज धरून दहा म्हणा. मुठीएवढे दाणे रात्री भिजवायचे, सकाळी चोळून सालं काढायची, कडकडीत पाण्यात वाटायचं (गरम पाण्यात वाटलं की तो उग्र वास बराच मरतो), गाळायचं आणि पंधरा-वीस मिनिटं ढवळत नीट उकळायचं. उकळण्यात आळस नको. कच्च्या सोयाबीनमधलं पचनाला अडवणारं द्रव्य उष्णतेनंच निकामी होतं. उरलेला चोथा धपाट्यात घाला, वाया काही जात नाही.

आणि या सोयाबीनचं आज होतं काय? तेल काढतात, आणि राहिलेली पेंड बहुतांश कोंबड्यांच्या खाद्यात जाते. म्हणजे गंगाखेडचा शेतकरी पिकवतो, ब्रॉयलर कोंबडी खाते, आणि प्राण्यांवर दया म्हणून पुण्यातला व्हीगन माणूस कॅलिफोर्नियाचे बदाम पितो. हा डेटा फ्लो जर कुणी मला डिझाइन रिव्ह्यूमध्ये दाखवला असता तर मी त्याला परत पाठवला असता. :-)

ज्वारीचंही तेच. आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं (वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) इक्रिसॅटबरोबर काम करून २०१८ साली 'परभणी शक्ती' नावाचं ज्वारीचं वाण दिलं. नेहमीच्या ज्वारीपेक्षा त्यात लोह आणि जस्त जास्त. दूध-अंडी-मांस सोडणाऱ्या माणसाला नेमकी याच दोन गोष्टींची चिंता करावी लागते. म्हणजे व्हीगनांसाठी सांगून केल्यासारखं धान्य परभणीत तयार झालं, आणि आमच्या कँटीनला २०२३ च्या भरडधान्य वर्षात काय सुचलं? 'मिलेट पास्ता'. असो.

मुद्दा दुसरा: फ्रिज बंद पडला तर?

हा खास इंजिनियर लोकांसाठी.

रात्रभर भिजवलेले ओट्स ही काही आजची आयडिया नाही. झुरिकच्या बिर्चर-बेनर नावाच्या डॉक्टरनं १९०० च्या आसपास आपल्या आरोग्यधामात रोग्यांना भिजवलेले ओट्स, किसलेलं सफरचंद, लिंबू आणि सुकामेवा द्यायला सुरुवात केली, तिथून हे म्युस्ली प्रकरण निघालं. (त्यात तो आटवलेलं दूध घालायचा, म्हणजे मूळ कृती व्हीगन नव्हती.) झुरिकच्या हवेत ते ठीक होतं. आमच्याकडं मे महिन्यात पारा बेचाळीस-चव्वेचाळीसला जातो, आणि जोराचं वारं सुटलं की लाइट जाते. अशा रात्री ओट्स भिजवून ठेवा, सकाळी बरणी उघडली की वासावरून कळेल.

आमच्या आज्यांनी 'आधी करून ठेवणं' हा प्रश्न फ्रिजशिवाय सोडवलेला आहे, आणि तो किती डोक्यानं सोडवलाय ते बघा. तत्त्व एकच: पाणी काढा. जिथं पाणी नाही तिथं बुरशीला आणि जंतूंना थारा नाही. पाणी काढायचे मार्ग चार-पाच: भाजणं, वाळवणं, लाह्या फोडणं, तळणं, आणि जे उरतं त्याला गुळानं नाहीतर मिठानं बांधून ठेवणं.

उदाहरण देतो. पुरणपोळी आणि गुळपोळी, दोन्ही गोड, दोन्हीत गूळ. पुरण ही शिजवलेली डाळ, भरपूर ओल असलेली. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी त्याला वास सुटतो. गुळपोळीच्या सारणात गूळ, भाजलेले तीळ आणि तेलात भाजलेलं बेसन, पाण्याचा थेंब नाही. म्हणून ती डब्यात आठ दिवस आरामात राहते. शेंगदाण्याची पोळी तशीच, लातूर-सोलापूरकडं तर ती प्रवासाचं पक्वान्नच आहे. शेंगदाण्याचा लाडू पंधरा दिवस. त्यापुढं तो नासत नाही, पण दाण्यातलं तेल खवट होतं, म्हणून एका वेळी महिन्याचे करू नयेत. धपाटे दोन-तीन दिवस. सातूचं पीठ महिनाभर: भाजलेले गहू आणि डाळवं दळून ठेवलेलं, सकाळी पाण्यात कालवा, गूळ घाला, वेलदोडा घाला, झालं. गॅस पेटवायची गरज नाही. आजच्या भाषेत हा 'इन्स्टंट ब्रेकफास्ट मिक्स', फक्त त्याच्यावर चकचकीत पाऊच नाही.

सॉफ्टवेअरवाल्यांना वेगळं सांगायला नको. जे महाग काम आहे (भाजणं, दळणं, कुटणं) ते एकदाच बॅचमध्ये करून ठेवायचं, आणि जे स्वस्त काम आहे (फोडणी, कालवणं) ते ऐनवेळी. सुशीलाचे मुरमुरे, कूट, डाळव्याचं पीठ, सगळं कोरडं आणि आधी तयार. पाणी लागतं ते शेवटच्या दहा मिनिटांत. याउलट ती ओट्सची बरणी रविवारीच ओली करून ठेवलेली असते आणि शुक्रवारपर्यंत ती टिकावी ही सगळी जबाबदारी फ्रिजवर टाकलेली असते. पाचव्या दिवशी ते मिश्रण खाताना चेहरे बघितलेत मी. लापशीसुद्धा त्याहून बरी.

गव्हाची खीर घ्या. आमच्याकडं खीर म्हणजे ही. गहू रात्री भिजवायचे, ओलसर असताना सडायचे, शिजवायचे, गूळ घालायचा, खोबरं, खसखस. दूध? दूध शिजताना घालतच नाहीत, कारण गरम गुळात दूध घातलं की फाटतं. ते वाढताना वरून घेतात, ज्याला हवं तो घेतो. म्हणजे ही खीर व्हीगन करायला काहीही बदलावं लागत नाही, शेवटची एक पायरी गाळायची. आणि दुधाळ चव हवीच असेल तर उत्तर कर्नाटकात हीच गव्हाची खीर (ते हुग्गी म्हणतात) करडईच्या दुधात करतात. करडई भिजवायची, वाटायची, पिळून दूध काढायचं. करडई हे मराठवाड्याचं जुनं रब्बी पीक. आमच्या काळ्या रानात ती ज्वारीच्या शेजारीच असायची. बदामासाठी समुद्र ओलांडायची गरज कुणाला होती?

मुद्दा तिसरा: "आपलं सगळं आधीपासून व्हीगनच होतं"

इथवर वाचून जे लोक खूश झाले असतील, ते आता जरा सावरून बसा. तुमची पाळी.

हे वाक्य गेल्या दोन-तीन वर्षांत मी लग्नात, बारशात, एका निवृत्त काकांच्या सत्कारात, सगळीकडं ऐकलंय. ते खोटं आहे. आपला टिकाऊ खाऊ घ्या. प्रवासाला दशम्या न्यायच्या, आणि पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवलं की ते खरकटं मानत नसत, म्हणून दशमी दुधातली. गुळपोळीवर तूप हवंच. कण्यांबरोबर ताक. आंबिलीत ताक. धपाट्याबरोबर दही. सणाला बासुंदी, श्रीखंड. आपलं जेवण दुधातुपाला चिकटलेलं होतं आणि ज्याला परवडायचं तो ते मिरवायचा. ताटात तूप वाढताना धार किती वेळ धरली यावरून पाहुण्याची किंमत कळायची!

मग बिनदुधाचं कोण खात होतं? ज्याच्याकडं दूध नव्हतं तो. किंवा दूध होतं पण ते पहाटेच कॅनमध्ये भरून डेअरीवर जायचं तो. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कांदा. यात कसलं तत्त्व नव्हतं, खिसा होता. या माणसाला "तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या व्हीगन आहात हो" असं म्हणणं म्हणजे अनवाणी माणसाला "तुम्ही चामडं वापरत नाही, केवढे अहिंसक!" म्हणण्यासारखं आहे.

ज्यानं खरोखर तत्त्व म्हणून दूध सोडलं असा मोठा माणूस हवाच असेल तर गांधी घ्या. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर असताना त्यांनी दूध सोडलं. गाईम्हशींकडून जास्त दूध काढण्यासाठी होणाऱ्या छळाबद्दल वाचून त्यांचा निश्चय पक्का झाला होता. पुढं मोठ्या आजारपणात, कस्तुरबांच्या आग्रहावरून, ते शेळीच्या दुधावर आले, आणि ही तडजोड त्यांना जन्मभर सलत राहिली. 'व्हीगन' हा शब्द तेव्हा जन्मालाही आला नव्हता. तो इंग्लंडात १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या मित्रमंडळींनी काढला. तेव्हा हे परदेशी खूळ आहे असं म्हणणाऱ्यांनीही जरा जपून बोलावं.

एक गोष्ट मात्र खरी. खिशामुळं असो की कशामुळं, बिनदुधाचं, टिकाऊ आणि पोटभरीचं कसं करायचं याचं ज्ञान त्या घरांमध्ये साठलं. ते ज्ञान अस्सल आहे. त्याचं श्रेय 'आपल्या महान संस्कृतीला' नको, त्या घरांना द्या. २०२२ पासून एफएसएसएआयचे व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम आहेत, हिरवा शिक्का आहे, त्यासाठी रीतसर अर्ज आणि मंजुरी लागते. गंगाखेडच्या एखाद्या बचत गटातली बाई शेंगदाण्याचे लाडू वळते त्यात शेंगदाणे आणि गूळ याशिवाय काही नसतं. पण शिक्का तिच्या डब्यावर नसतो. तो असतो खजुराच्या गोळ्यांच्या पाऊचवर, कारण त्यांच्याकडं कागदपत्रं करणारा माणूस आहे.

मुद्दा चौथा: रविवारी दुपारी नेमकं कोण उभं असतं?

हा मुद्दा खरा. बाकीचे तीन नसते तरी यासाठी लिहिलं असतं.

'आधी करून ठेवणं' याचा अर्थ काम नाहीसं होणं असा होत नाही. काम फक्त दुसऱ्या वेळेवर ढकललं जातं. प्रश्न असा की ती वेळ कुणाची?

आमच्या गंगाखेड तालुक्याचा डोंगरपट्टा बालाघाटचा. तिथल्या गावांतून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', मुकादमाची उचल घेतलेली, पाच-सहा महिने कारखान्याच्या फडावर. तिथली बाई पहाटे तीन-चारला उठते. चूल पेटवते, पाणी भरते, सकाळच्या आणि दुपारच्या भाकरी एकदमच थापते, चटणी नाहीतर कोरड्यास करते, फडक्यात बांधते, आणि उजाडायच्या आत नवऱ्याबरोबर फडात असते. आता सांगा, हा नाश्ता व्हीगन आहे का? बहुतेक दिवशी आहे. आधी करून ठेवलेला आहे का? आहे. यालाही 'मील प्रेप' म्हणायचं का?

माझ्या आईला मी एकदा हा शब्द समजावून सांगितला. तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे आम्ही करतो तेच की. मग तुमच्यात बापे करतेत का हे?"

एका वाक्यात विषय संपवला. कारण ऑफिसातल्या बरण्यांचं रहस्यही मी हळूहळू चौकशी करून काढलंय. अकरा बरणीवाले आहेत. त्यातल्या सात पुरुषांपैकी चौघांच्या बरण्या बायको नाहीतर आई भरते. एकाची स्वयंपाकाची मावशी भरते, आणि तिला रविवारी जादा यावं लागतं. फोटो मात्र सातही जण टाकतात. आणि घरात एकट्यानं व्हीगन व्हायचं ठरवलं की काम दुप्पट होतं हे लक्षात घ्या. घरच्यांचा चहा दुधाचा, साहेबांचा सोयाचा. घरच्यांची पोळी तुपाची, साहेबांची तेलाची. नैतिक निर्णय एकाचा, पण भांडी दुसरीच्या वाट्याला.

जनाबाई आमच्या गावच्या. त्यांच्या अभंगांत प्रत्यक्ष विठ्ठल येतो, जात्याला हात लावतो, दळू लागतो, गोवऱ्या वेचू लागतो. सातशे वर्षं आपण ते गातोय, डोळे मिटून माना डोलावतोय. देवाला जे करताना कमीपणा वाटला नाही ते करताना आपल्या घरच्या बाप्यांना मिक्सरचं बटण दाबायला जड जातं. आषाढीला टाळ कुटणाऱ्या हातांनी रविवारी दाणे कुटून दाखवावेत, मग बोलू.

तेव्हा माझा नियम सोपा आहे: ज्याचं तत्त्व, त्याचे कष्ट. ज्यानं दूध सोडलं त्यानं दाणे भाजावेत. मी स्वतः गेली सहा-सात वर्षं रविवारी सकाळी दोन तास हे करतो, आणि त्यात कसलीही वीरश्री नाही. एक किलो शेंगदाणे मंद आचेवर भाजायचे (घाई केली की बाहेर करपतात, आत कच्चे), पाखडायचे. निम्म्याचे लाडू: अर्ध्या किलो दाण्यांना साधारण तीनशे ग्रॅम गूळ, खलबत्त्यात किंवा मिक्सरवर थांबत थांबत फिरवायचं, दाण्याला तेल सुटलं की आपोआप वळले जातात, तूप लागत नाही. पाव किलोची लसूण-तिखट घालून चटणी. उरलेल्याचं जाडसर कूट बरणीत. तोवर गव्हाची खीर कुकरमध्ये होते. ती मात्र ओली, म्हणून फ्रिजमध्ये आणि दोन-तीन दिवसांतच संपवायची. धपाट्यांसाठी ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, थोडी कणीक, तीळ, ओवा, हळद, तिखट, मीठ कोरडंच मिसळून डब्यात. रोज सकाळी हवं तेवढं काढून पाण्यात भिजवा आणि थापा. आठवड्याचा नाश्ता आणि गोड झालं, खर्च दोन बरण्यांइतका.

मुद्दा पाचवा: दुसऱ्याच्या ताटात हात घालू नका

शेवटचा मुद्दा जरा कडू आहे.

आपल्याकडं खाण्याचं तत्त्व फार लवकर जातीच्या पायरीवर जाऊन बसतं. "आमच्यात अंडंसुद्धा चालत नाही" हे वाक्य कुठल्या सुरात म्हणतात ते सगळ्यांना माहीत आहे. व्हीगनपणाला तो सूर लागू नये, पण लागायला लागलाय.

राज्य सरकारनं २०२३ च्या नोव्हेंबरात शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं. जो खात नाही त्याला केळं. सक्ती कुणावर नाही. तरी आरडाओरडा झाला, आणि २०२५ च्या जानेवारीत सरकारनं अंड्याचे पैसे देणं बंद केलं. शाळांनी लोकवर्गणीतून बघावं म्हणे. तेव्हा आमच्या ग्रुपमधल्या दोघा-तिघा बरणीवाल्यांनी आनंद साजरा केला. मी त्यांना एवढंच विचारलं की तुम्ही रोज सकाळी काय गिळता? बी-१२ ची गोळी! वनस्पतींत बी-१२ भरवशाचं मिळत नाही, म्हणून शहाणा व्हीगन गोळी घेतो, किंवा वरून बी-१२ घातलेला पदार्थ खातो. घ्यायलाच पाहिजे, विशेषतः मुलांना आणि गरोदर बाईला याशिवाय व्हीगन ठेवणं धोक्याचं आहे. पण ज्या पोराच्या बापाला ती गोळी परवडत नाही, आणि जो आपल्यासारखा निवड म्हणून नाही तर नाइलाज म्हणून भाकरी-चटणी खातोय, त्याच्या ताटातलं आठवड्याचं एक अंडं गेलं म्हणून आनंद? माझ्या मते ही अहिंसा नव्हे. ताकद दुसऱ्याच्या ताटावर वापरायला सोपी जाते, एवढंच.

तुमचं व्हीगन असणं तुमच्या ताटापुरतं ठेवा, मी पहिला तुमच्या पंगतीला बसतो. धपाटे मी आणतो.

तर मंडळी, सांगायचं ते सांगून झालं. दूध सोडायचं तर खुशाल सोडा. नाश्ता आधी करून ठेवायचा तर जरूर ठेवा. फक्त कॅलिफोर्नियाचे बदाम सोडून शेजारच्या वाण्याकडून शेंगदाणे, डाळवं, मुरमुरे आणि ज्वारी आणा. कढईसमोर स्वतः उभे राहा. आणि ज्यांच्याकडून हे शिकलात त्यांना "व्हीगन" ही पदवी देण्याऐवजी सोयाबीनला बरा भाव आणि पहाटे तासभर जास्त झोप कशी मिळेल ते बघा.

आणि कुणी खजुराच्या गोळ्याला एनर्जी बाइट म्हणालाच, तर मोठ्यानं सांगा: लाडू म्हणतेत त्याला आमच्यात.

(लाडवाला गूळ पिवळा घ्यावा की काळा, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. तो वाद पुढच्या शनिवारी.)